दाखल नोंदवही वाचकापुढे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी आपल्या दैनिकाची जुनी वाचक. कागदावरचा अंक घरी अजून येतो आणि तो जिन्यात पडल्याचा आवाज मला झोपेतही कळतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या संकेतस्थळाबद्दल. पत्र लांबलंय. कापायचंच झालं तर शेवटून कापा, मधून कापू नका.

आधी काय झालं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेअकराला माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती सिंहगड रस्त्याला राहते, सोसायटीची मागची भिंत नदीपात्राकडे. २५ जुलै २०२४ ला पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून त्या भागातली माणसं जुलैत एक कान उघडा ठेवूनच झोपतात. "ताई, खडकवासला धरणातून किती पाणी सोडलंय गं? तुझ्या मोबाइलवर पेपर दिसतो ना?"

दिसतो. उघडला. सगळ्यात वर एका नटीचं लग्न. त्याखाली बिबट्याचा व्हिडिओ. मग 'पावसाळ्यात केस गळतायत?'. मग दिल्ली, मग क्रिकेट, मग पुन्हा तीच नटी, वेगळ्या साडीत. बोटानं ढकलत राहिले. विहीर असती तर एव्हाना तळ लागला असता. 'पुणे' असं लिहिलेलं दिसलं म्हणून ते दाबलं, तर तिथे अपघात, पुस्तक प्रकाशन, सोनसाखळी चोरी, पालिकेची सभा, नाट्यस्पर्धेचा निकाल, असं जे ज्या मिनिटाला आलं ते तसंच एकाखाली एक. शेवटी भिंगाच्या चित्रावर बोट ठेवून 'खडकवासला विसर्ग' लिहिलं आणि पहिलीच बातमी आली, 'विसर्ग वाढवला, नदीकाठच्या रहिवाशांना सतर्कतेचा इशारा'. मी ती बहिणीला फोनवर वाचून दाखवली.

त्यानंतर माझ्या मेहुण्यांनी, वय वर्षे अडुसष्ट, भर पावसात आधी स्कूटर ढकलत वरच्या गल्लीत नेली, मग गाडी मुख्य रस्त्यावर लावली, मग तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांना उठवलं. सकाळी कळलं की ती बातमी आदल्या वर्षीची होती. तारीख होती, नाही असं नाही. मथळ्याखाली, फोटोखाली, जाहिरातीखाली, करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मेहुणे त्यावर काही बोलले नाहीत, आणि ते काही बोलले नाहीत की मला जास्त लागतं.

चूक माझीही आहे. तारीख न बघता मजकूर हातात देणं हे माझ्याकडून तरी व्हायला नको होतं, कारण चौतीस वर्षं मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं आहे. त्याच अधिकारानं, किंवा त्याच अपराधीपणानं म्हणा, हे लिहिते आहे.

ग्रंथालयात एक जाड, लांबरुंद वही असते. दाखल नोंदवही. पुस्तक आलं की पहिल्यांदा तिच्यात चढतं. अनुक्रमांक, तारीख, विक्रेता, बिल नंबर, किंमत. त्यात क्रम एकच, आलं कधी. म्हणजे चोवीस हजार तीनशे अकराला जीवरसायनशास्त्र, बाराला ज्ञानेश्वरीवरचं विवरण आणि तेराला क्रिकेटचे नियम. हिशेब तपासनिसाला ही वही लागते, पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाला लागते. वाचकाला मात्र आम्ही ती जन्मात कधी दाखवली नाही. दाखवून तो करणार काय? आपल्या संकेतस्थळाचं पहिलं पान म्हणजे ही दाखल नोंदवही आहे, फक्त उलटी धरलेली. शेवटची नोंद वर आणि पहिली खाली.

नवं आधी दिसावं, याबद्दल माझं भांडण नाही. वर्तमानपत्रच ते, शिळं कोण वाचेल? पण नवं म्हणजे कशातलं नवं? आपल्या पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, सोमवार ते रविवार. पण आज बुधवार म्हणून बुधवार पेठेत, असं कुणी खरेदीला जात नाही. तांब्याचा बंब हवा असला की कसब्यातली तांबट आळी, विजेचं सामान हवं तर तपकीर गल्ली, खिळे-कड्या-कुलपं बोहरी आळीत आणि पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. पेठेला नाव वाराचं असलं तरी पाय आळीच्या नावानं चालतात. आणि एकदा आळीत शिरलं की नवा माल दर्शनी टांगलेला असतोच. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं फळकुटावर बाहेर मांडलेली असतात, जुन्या आवृत्त्या आत मागे. दुकानदाराला हे कुणी शिकवलेलं नाही. आधी विषय, मग त्या विषयातलं ताजं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते एवढ्यात पटणार नाही म्हणून पुढचं.

१९८९ च्या सुमाराला आमच्या ग्रंथालयात दाराशी एक काचेचं कपाट होतं, 'नवीन ग्रंथ' अशी पाटी लावलेलं. महिन्याला ऐंशी-नव्वद पुस्तकं यायची, कपाटात मावायची चाळीस. वरच्या दोन फळ्या कादंबऱ्यांनी भरायच्या, कारण सगळ्यांना त्याच हव्या. एकदा रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेले, की मी सुचवलेलं पुस्तक ग्रंथालय वर्षभर मागवत नाही. पुस्तक येऊन अकरा महिने झाले होते. ते कपाटात तीन दिवस होतं, मग नव्या कादंबऱ्यांनी त्याला धक्का दिला आणि ते निमूटपणे आपल्या खणात जाऊन बसलं. ते आलंय हे त्या खणाकडे बघून कळायला काही मार्गच नव्हता.

मग आम्ही ते कपाट हलवलं. प्रत्येक विषयाच्या खणातली डोळ्यांच्या उंचीची फळी नव्या पुस्तकांसाठी राखली. पुस्तकात तांबड्या कागदाची पट्टी घालायची, वर बोटभर दिसेल अशी. आणि खणाच्या कडेला पुठ्ठ्याचं कार्ड, 'या महिन्यात येथे नवीन : ४'. दारातून शिरलं की कुठल्या खणात लाल दिसतंय ते लांबूनच कळायचं. अर्थशास्त्राचा विद्यार्थी सरळ अर्थशास्त्राकडे जायचा, आणि वाटेत इतिहासात लाल दिसलं तर तिकडेही डोकावायचा. हा दुसरा भाग आम्ही ठरवलेला नव्हता, पण तोच मला जास्त आवडायचा.

पट्टी साठ दिवसांनी काढायची असा नियम होता आणि ते काम आमच्या शिपाईमामांकडे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी गेले, आम्हीही विसरलो, आणि जुलैत सगळं ग्रंथालय लालच लाल. मुलांनी पट्टीकडे बघणं सोडून दिलं. आपल्या संकेतस्थळावर 'ब्रेकिंग' अशी तांबडी पट्टी चोवीस तास फिरत असते, तिच्याकडे बघताना मला तो जुलै आठवतो.

पुढे १९९८ मध्ये ग्रंथपालांच्या एका उजळणी वर्गात आम्हाला पहिल्यांदा इंटरनेट दाखवलं. पडद्यावर याहू होतं. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी स्वतःला आवडलेल्या ठिकाणांची यादी म्हणून ते सुरू केलं होतं. विषय, त्याच्या पोटात उपविषय, त्याच्या पोटात आणखी. लावणारी माणसं होती, यंत्र नव्हतं. आणि ज्या विषयात काही नवं दाखल झालं असेल त्याच्या नावापुढे 'नवीन' अशी चिमुकली खूण. माझ्या शेजारी मुंबईच्या एक ग्रंथपाल बसल्या होत्या, त्यांना मी कोपरानं ढोसून म्हटलं, ही आमची तांबडी पट्टी! ती विषयसूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली. जग एवढं वाढलं की माणसांच्या हातानं लावणं त्यांना झेपेना, हे मी समजू शकते. पण आपलं दैनिक म्हणजे जग नव्हे. आपण दिवसाला ज्या बातम्या देता त्या सगळ्या आपल्याच माणसांच्या हाताखालून जातात.

आता आपल्या पानाच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा. त्या दाबल्या की विषयांची यादी येते, हे मला शेजारच्या मुलीनं सांगितलं, तोवर मी ती नक्षी समजत होते. त्या यादीत पुणे, महाराष्ट्र, देश आहे. क्रीडा, अर्थ आहे. व्हिडिओ, फोटो, वेब स्टोरी आहे. 'ताज्या' आहे, आणि 'व्हायरल' आहे. म्हणजे काही नावं ठिकाणावरून, काही विषयावरून, काही मजकुराच्या रूपावरून, एक वेळेवरून आणि एक लोकांच्या चेकाळण्यावरून. मंडईत एखाद्या भाजीवाल्यानं एका ढिगावर 'पालेभाजी', दुसऱ्यावर 'सासवडची', तिसऱ्यावर 'आज पहाटेची' आणि चौथ्यावर 'गोणीतली' अशा पाट्या लावल्या, तर आज पहाटे सासवडहून गोणीतून आलेली मेथी मागायची कुठे? एका वेळी एकाच कसोटीवर विभागणी करायची, हा वर्गीकरणाचा अगदी पहिल्या आठवड्यात शिकवतात तो धडा आहे.

तो आम्हाला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या पुस्तकांतून शिकवला गेला. माणूस गणिताचा प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथा, 'वाचकाचा वेळ वाचवा'. १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पुढे तिच्यात त्यांनी कुठल्याही विषयाचे पाच पैलू सांगितले आणि त्यांचा क्रमही लावून दिला. आधी ज्याच्याबद्दल मजकूर आहे ती मूळ गोष्ट, मग द्रव्य, मग क्रिया, मग स्थळ, आणि सगळ्यात शेवटी काळ. काळ शेवटी! परीक्षेसाठी मी हे घोकलं होतं, पण त्याचा अर्थ मला त्या रात्री पावणेअकराला कळला. बहिणीला हवं होतं ते पाणी, सोडलेलं, खडकवासल्याचं, आत्ताचं. याच क्रमानं. आपण तिला 'आत्ता'पासून सुरुवात करायला लावली आणि त्या 'आत्ता'त नटी निघाली.

यादीतल्या नावांबद्दल आणखी एक, जरा तिरकं. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये पुस्तकं लावायची दशांश पद्धत काढली. तीत धर्माला २०० पासूनचे शंभर आकडे दिले, त्यातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माकडे गेला आणि जगातल्या बाकी सगळ्या धर्मांनी २९० च्या खोलीत दाटीवाटीनं बसावं अशी सोय झाली. आम्ही भारतातले ग्रंथपाल हिंदू धर्माची पुस्तकं लावताना दशांश चिन्हापुढे आकडे लिहून लिहून थकायचो. ज्यानं खण केले त्याचं घर त्यावरून कळतं. आपल्या यादीत मनोरंजनाचे चार खण आहेत, मराठी सिनेमा, हिंदी सिनेमा, ओटीटी आणि मालिका. शेतीला एक. शिक्षणाला नाही, ते 'करिअर'च्या पोटात आहे. पाण्याला नाहीच. पुण्यात राहून पाण्याला खण नाही! आमच्या पिढीची माणसं पानशेतचं धरण फुटून आलेल्या पुरावरून वय मोजतात. १२ जुलै १९६१ ला मी पहिलीत होते, आणि पुराच्या आधीचं-नंतरचं हे आमच्या घरात अजून म्हणतात.

तर पाण्याचं एक पान असावं. त्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, ही चार धरणं. चौघांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यात आज किती आहे. त्याखाली मुठेत किती क्युसेक सोडताहेत आणि तो आकडा किती वाजताचा आहे, हे ठळक, मथळ्याच्या वर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, हेही एका ओळीत कुठेतरी असू द्या, दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मग आजची बातमी, मग कालची, आणि गेल्या वर्षीची जी असेल तिच्या कपाळावर वर्ष लिहिलेलं. फेब्रुवारीत या पानाला कुणी विचारणार नाही, तेव्हा ते यादीत खाली जाऊ दे. जुलैत वर येऊ दे, शेजारी तांबडी खूण घेऊन. दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यात वर. ज्येष्ठात माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा बंद रस्ते वर. भाद्रपदात विसर्जनाची वाहतूक. खणांची नावं कायम राहावीत आणि ज्यात नवा माल आलाय तो खण पुढे सरकावा. लाकडी खण आम्हाला सरकवता येत नव्हते, तुम्हाला येतात, तरी तुम्ही ते भिंतीत चिणून ठेवलेत याची मला गंमत वाटते.

तुम्हाला आणखी एक गोष्ट करता येते, जिच्यासाठी मी नोकरीभर तडफडले. पुस्तक एक, जागा एक. शेतकऱ्यांच्या कर्जावरचं पुस्तक अर्थशास्त्रात ठेवलं की शेतीवाला चिडायचा. बातमीला ही अडचण नाही. मेट्रोची बातमी वाहतुकीत, पिंपरी-चिंचवडमध्ये आणि पालिकेच्या खर्चात अशी तिन्ही ठिकाणी एकाच वेळी राहू शकते. आपण मात्र तिला कुठल्यातरी एकाच खणात कोंबता. पिंपरीत राहणारा माझा भाचा स्वारगेटपर्यंत रोज मेट्रोनं येतो, त्याला वेळापत्रकातला बदल सापडला 'महाराष्ट्र'मध्ये.

हाच भाचा मला म्हणतो, "मावशी, यादी वगैरे कशाला, शोधायचं सरळ." शोधायला, बाबा, आधी माहीत हवं की काय घडलंय. जे घडल्याचं मला ठाऊकच नाही ते मी कुठल्या शब्दानं शोधू? शिवाय शब्द तरी कुठले? आपलाच एक वार्ताहर 'महापालिका' लिहितो, दुसरा 'मनपा', तिसरा 'पीएमसी'. 'पाणीपुरवठा' जोडून लिहिला की एक यादी येते आणि तोडून लिहिला की दुसरी. आमच्या तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या कार्डसूचीच्या, खणात यासाठी पिवळी कार्डं असायची, 'मनपा – पाहा : महानगरपालिका'. वाचकानं काहीही म्हणो, कार्ड त्याला हात धरून योग्य खणाशी नेऊन सोडायचं. अशी शे-दोनशे कार्डं करायला एका माणसाला पंधरा दिवस पुरतात. मी केली आहेत.

आपण मध्यंतरी संकेतस्थळाचं रूप बदललंत. बदला, घराला रंग द्यावाच लागतो. पण मी जपून ठेवलेले सगळे दुवे त्या दिवशी मेले. जुन्या वाड्यांवरची एक लेखमाला मी सात-आठ जणांना पाठवली होती, आता सगळ्यांना 'हे पान सापडले नाही' असं उत्तर येतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात बजावून ठेवलंय, की चांगला पत्ता बदलत नाही. आम्ही खणांची मांडणी तीनदा बदलली, पण पुस्तकाचा दाखल अंक कधी बदलला नाही.

आणि हे सगळं मी कुणा परक्याला समजावून सांगत नाहीये, याचं मला जास्त वाईट वाटतं. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी मी आपल्या कार्यालयात आले होते. मागच्या बाजूला संदर्भ विभाग होता. भिंतभर लोखंडी कपाटं, त्यात खाकी पाकिटं, प्रत्येकावर शाईनं विषय. 'कालवे'. 'झोपडपट्टी पुनर्वसन'. 'रिक्षा भाडे'. आत कात्रणं, प्रत्येकावर तारखेचा रबरी शिक्का, आणि सगळ्यात नवं कात्रण सगळ्यात पुढे. पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ टेबलाशी बसून त्या दिवसाच्या अंकाची कात्रणं कापत होते. एका बातमीच्या तीन प्रती कापून त्यांनी तीन पाकिटांत टाकल्या. मी विचारलं तर म्हणाले, "मागायला कोण कुठून येईल, काय सांगावं?" मला जे हवं होतं ते मला चार मिनिटांत मिळालं, वर चहा.

ती पाकिटं आपल्याकडे अजून असतील तर त्यांच्यावरची नावं उतरवून घ्या. आपल्या वाचकांना लागणारे विषय त्यांवर आधीच लिहून ठेवलेले आहेत. पाकिटं रद्दीत गेली असतील तर मला बोलवा. मंगळवार आणि शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी तीननंतर मी मोकळी असते. मानधन नको, टेबल खिडकीशी द्या आणि कार्डं जाड पुठ्ठ्याची.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
सदाशिव पेठ, पुणे ३०

ता. क. : हे पत्र छापलंत तर संकेतस्थळावर ते कुठल्या खणात ठेवणार ते आधी कळवा. बहिणीला सांगायचं आहे. मेहुण्यांनी तारीख बघितल्याशिवाय काहीही वाचणार नाही असं जाहीर केलंय, तेव्हा ती जरा मोठ्या अक्षरात टाका.